मेट्रो ३ : आत सगळं मस्त, पण गेटच्या बाहेर आल्यावर?

आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना एवढं लांबलचक वाचायचं नाही त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. मुंबईची ही जमिनीखालची मेट्रो ३ छान आहे, ज्यांच्या घराजवळ स्टेशन आहे आणि ज्यांना भाडं परवडतं त्यांनी डोळे झाकून जावं. पण या ज्या दोन अटी आहेत ना, घराजवळ स्टेशन आणि परवडणारं भाडं, त्यांच्यावरच मला जास्त बोलायचंय, कारण मुंबईतल्या निम्म्याहून जास्त माणसांची गाडी तिथेच अडते.

माझं माहेर गिरगाव आणि सासर मरोळ. आमच्या पिढीतल्या कितीतरी गिरगावकरांचं असंच झालंय, लग्न होऊन किंवा चाळीतली खोली पुरेना म्हणून कोण अंधेरी, कोण बोरिवली, कोण डोंबिवली, आणि मग गणपती, पाडवा, कुणाचं बारसं असलं की परत गिरगाव. मरोळहून गिरगावला जायचं म्हणजे आधी रिक्षाने नाहीतर मेट्रो १ ने अंधेरी, तिथला तो गर्दीचा ब्रिज, मग स्लो लोकल पकडायची कारण फास्ट चर्नी रोडला थांबत नाही, आणि उतरल्यावर परत ब्रिज चढून पलीकडे. आता मरोळ नाक्याला खाली उतरायचं, गाडीत बसायचं, गिरगावला वर यायचं. मध्ये काही बदलायचं नाही, कुणाला ढकलायचं नाही, कुणाचा धक्का खायचा नाही. ज्यांनी लोकलमध्ये आयुष्य काढलंय त्यांनाच कळेल ही किती मोठी गोष्ट आहे ते.

थोडी माहिती, ज्यांनी अजून बघितलीच नाही त्यांच्यासाठी. आरे ते कफ परेड, साधारण साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्टेशनं, त्यातलं फक्त आरे जमिनीवर आणि बाकी २६ जमिनीखाली. एकदम चालू नाही झाली, तुकड्या तुकड्याने झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, मे २०२५ मध्ये तिथून वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत, आणि मग ९ ऑक्टोबर २०२५ पासून थेट कफ परेडपर्यंत. आठ डब्यांची गाडी, एसी, विमानतळाची दोन्ही टर्मिनल, सिद्धिविनायक, मंत्रालयवाल्यांसाठी विधान भवन, सीएसएमटी, चर्चगेट, सगळं एका लाइनवर. मुंबई सेंट्रलच्या स्टेशनला नाना शंकरशेटांचं नाव दिलंय ते मला फार आवडलं, १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली त्या रेल्वे कंपनीच्या मागे उभा राहिलेला हा आमच्या गिरगावचा माणूस, त्याचं नाव जमिनीखालच्या गाडीच्या स्टेशनला असणं शोभतं.

आईला घेऊन गेले ते सांगायलाच हवं. आई ऐंशीच्या पुढे आहे, गुडघे गेलेत, लोकलचा प्रवास तिने कधीच सोडला होता, आणि टॅक्सीने मरोळपर्यंत यायचं म्हणजे ट्रॅफिकमध्ये दोन-दोन तास अवघडून बसायचं म्हणून ती माझ्याकडे यायचीच नाही, मीच जायचे. यावेळी म्हटलं चल, बघू तरी. जगन्नाथ शंकरशेट रोडवरून लिफ्टने खाली, तिकीट स्कॅन करून गेटमधून आत, परत लिफ्ट, आणि प्लॅटफॉर्म. तिथे रुळांच्या बाजूला पूर्ण काचेची भिंत आहे, गाडी येऊन थांबली की काचेचा दरवाजा आणि गाडीचा दरवाजा बरोबर समोरासमोर उघडतात आणि गाडीची फरशी प्लॅटफॉर्मच्या लेव्हलला असते. आईने सवयीने एका हाताने माझा दंड धरला, दुसऱ्या हाताने निऱ्या वर घेतल्या, लोकलमध्ये चढताना बायका घेतात तशा, आणि पाऊल टाकलं. पाय वर उचलावाच लागला नाही. आत जाऊन एका मुलाने उठून दिलेल्या जागेवर बसली आणि मला विचारते, "अगं, चढलो का आपण?" गाडी सुटल्यावर सुद्धा तिला खरं वाटत नव्हतं. मरोळ नाक्याला उतरलो तेव्हा म्हणाली, "आता गणपतीनंतर चार दिवस येते राहायला." ही माझी आई, जी गेली कित्येक वर्षं दादरच्या पुढे आली नव्हती.

म्हणून जे लोक म्हणतात ना की मेट्रो म्हणजे फक्त एअरपोर्टवाल्यांचे आणि बीकेसीच्या ऑफिसवाल्यांचे लाड, त्यांना मी सांगते की म्हाताऱ्या माणसांकडे बघा, गरोदर बाईकडे बघा, व्हीलचेअरवरच्या मुलाकडे बघा, नायर हॉस्पिटलला डायलिसिसला जाणाऱ्या माणसाकडे बघा. या शहराने त्यांना कित्येक वर्षं घरात कोंडून ठेवलं होतं. लोकलचा प्लॅटफॉर्म आणि फूटबोर्ड यांच्यातली ती फट, ते जिने, ते अंगावर येणारं लोंढ्यासारखं चढणं-उतरणं, ज्याच्या अंगात जोर आहे त्यानेच प्रवास करायचा असा अलिखित नियम होता आणि आपण सगळ्यांनी तो मान्य करून टाकला होता.

आता ही गाडी फुकट नाही मिळाली. पैशाचं सोडा, ते ३७ हजार कोटी वगैरे आकडे पेपरात वाचलेतच. मी माणसांचं म्हणतेय. गिरगाव-काळबादेवीत वर्षानुवर्षं रस्त्यावर ते निळे-पांढरे पत्रे होते, अर्धा रस्ता त्यांच्या आत, उरलेल्या अर्ध्यात बस, टॅक्सी, हातगाडी आणि माणसं. इथले रस्ते इतके अरुंद की वरून सगळं खणून स्टेशन बांधायला जागाच नाही, म्हणून बरंचसं काम आतल्या आत पोखरून करावं लागलं, वर शंभर-शंभर वर्षांच्या चाळी उभ्या. रात्री झोपलेलं असताना भांड्यांच्या फळीवर वाट्या वाजायच्या, आमच्या शेजारच्या काकू उठून बसायच्या. काही इमारती तर प्रकल्पातच गेल्या, त्या कुटुंबांचं पुनर्वसन इथेच, गिरगावातच करायचं असं ठरलं आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण मुंबईत विकासकामात घर गेलं की माणूस थेट माहुल-मानखुर्दला जाऊन पडतो. तिकडे कफ परेडवाले रात्रीच्या आवाजासाठी हायकोर्टात गेले होते, तेव्हा त्यांच्यावर टीका झाली की श्रीमंतांना झोप हवी, पण झोप सगळ्यांनाच हवी असते हो.

आणि आरे. ४ ऑक्टोबर २०१९ ला हायकोर्टाने तिथल्या कारशेडसाठी, म्हणजे मेट्रोच्या गाड्या ठेवायच्या जागेसाठी, झाडं तोडण्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या, सुप्रीम कोर्टाने ७ तारखेला थांबवेपर्यंत दोन हजारांवर झाडं आडवी झालेली होती. मग कारशेड कांजूरमार्गला न्यायचं ठरलं, मग सरकार बदललं, परत आरे. मरोळहून आरे म्हणजे आमच्यासाठी हाकेच्या अंतरावर, आमच्या कॉलनीतली कॉलेजची पोरं त्या रात्री तिकडे गेली होती, पोलिसांनी उचलली. माझं मत तेव्हाही हेच होतं की रात्रीच्या अंधारात घाईघाईने झाडं तोडायची ही पद्धत चूक होती आणि आजही तेच आहे. मेट्रो चांगली झाली म्हणून ती रात्र बरोबर ठरत नाही. मी गाडीने जाते आणि हेही बोलते, दोन्ही एकाच माणसाला करता येतं, आणि ज्यांना वाटतं की मेट्रोत बसलात म्हणजे आता गप्प बसा, त्यांचं मला पटत नाही.

पावसाचं पण सांगितलं पाहिजे. २०२५ मध्ये २६ मे लाच मान्सून मुंबईत आला, एरवीच्या ११ जूनपेक्षा पंधरवडाभर आधीच, आणि त्या दिवशी आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरलं. स्टेशन चालू होऊन जेमतेम दोन आठवडे झालेले. काम चालू असलेल्या एका एन्ट्री-एक्झिटच्या बाजूने पाणी आत आलं असं सांगण्यात आलं आणि काही दिवस गाडी त्याच्या आधीच्या वरळी स्टेशनापर्यंतच ठेवली. व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत. मला इथे एवढंच म्हणायचंय की लोकांच्या मनातली भीती ही खिल्ली उडवण्याची गोष्ट नाही. ज्या शहराने २६ जुलै २००५ बघितलाय त्या शहराला जमिनीखाली जायला सांगताय तर कुठल्या स्टेशनला पाणी अडवायला काय केलंय, पंप किती आहेत, वीज गेली तर बाहेर कुठून पडायचं, हे प्रत्येक स्टेशनच्या भिंतीवर साध्या मराठीत लिहून लावा. जाहिरातींना जागा आहे तर याला पण आहे.

आता भाडं. कमीत कमी १० आणि टोकापासून टोकापर्यंत ७०. एसी, वेळेवर, गर्दी कमी, हे बघता टॅक्सीवाल्या माणसाला हे स्वस्तच आहे. पण लोकलवाल्याला? अंधेरी ते चर्चगेट सेकंड क्लासचं तिकीट १० रुपये आहे, पास काढला तर दिवसाचा खर्च त्याहून कितीतरी कमी. समजा आरेजवळ राहणारी बाई कफ परेडला कुणाच्या घरी स्वयंपाकाला जाते, तर जाऊन-येऊन १४०, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर साडेतीन हजार रुपये. पगाराचा केवढा भाग गेला बघा, आणि हा फक्त गाडीचा खर्च झाला, घर ते स्टेशन आणि स्टेशन ते काम वेगळं. ती कशाला येईल मेट्रोने? ती लोकलच्या दारातच लटकणार. रोज १३ लाख माणसं या लाइनने जातील असं सरकार सांगत होतं, पूर्ण लाइन चालू झाल्यावर आकडे दीड लाखाच्या आसपास होते. म्हणजे गाडीत जागा आहे आणि लोकलमध्ये श्वास घ्यायला जागा नाही, आणि या दोघांच्या मध्ये फक्त पैसे उभे आहेत. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर लोकलच्या दारात उभी असलेली माणसं खाली पडली, गेली बिचारी, ती काय हौसेने दारात उभी नव्हती. मेट्रो २ए आणि ७ वर ज्येष्ठांना, विद्यार्थ्यांना, दिव्यांगांना पासवर २५ टक्के सवलत मे २०२३ पासून आहे. माझं म्हणणं असं की एवढ्या रिकाम्या जाणाऱ्या गाडीत महिन्याचा एक चांगला स्वस्त पास, सगळ्या नोकरदारांसाठी, लोकलच्या पाससारखा, काढला तर काय बिघडेल? रिकामी सीट कफ परेडला नेऊन कुणाचा फायदा होतो?

आणि आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसले. बस.

मेट्रो ही घराच्या दारात येत नाही, येऊ शकतच नाही. स्टेशन ते घर हे जे मधलं अंतर असतं ना, दीड-दोन किलोमीटर, ते मुंबईत नेहमी बेस्टने, म्हणजे पालिकेच्या बसने, भरून काढलंय. आमच्या मरोळचंच बघा, नाक्याला वर आलं की एका बाजूला मरोशी, मिलिटरी रोड, एका बाजूला साकीनाका, चकाला, सगळीकडे चालत जाण्यासारखं नाही आणि रिक्षावाल्याला जवळचं भाडं नको असतं. दादरचं मेट्रो स्टेशन पश्चिमेला आहे, रेल्वे स्टेशनला चिकटून नाही, सामान घेऊन म्हातारं माणूस काय करणार? कफ परेडला उतरल्यावर नेव्ही नगर, बधवार पार्क, मच्छीमार नगर, कोळीवाड्यातल्या मावश्यांना टोपल्या घेऊन जायचंय, त्यांना बस लागणारच.

आणि नेमकी तीच बस आपण हळूहळू घालवतोय. बेस्टची पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली, म्हणजे जुलै २०२६ मध्ये शंभर वर्षं. एकेकाळी चार हजारांवर गाड्या होत्या. आता बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या गाड्या काही शेकड्यांवर आल्यात, बाकी सगळ्या कंत्राटदाराच्या, गाडी त्याची, ड्रायव्हर त्याचा, देखभाल त्याची. कंत्राटदाराला परवडेना झालं की तो गाड्या बंद करतो, असं झालेलं आहे, आणि स्टॉपवर उभ्या माणसाला कुणी विचारत नाही. २०१९ मध्ये कमीत कमी भाडं ५ रुपये केलं होतं तेव्हा केवढी माणसं परत बसकडे वळली होती. ९ मे २०२५ पासून तेच साध्या बसचं १० आणि एसीचं ६ चं १२ झालं. आणि योगायोग बघा, त्याच ९ मे ला मेट्रोच्या वरळीपर्यंतच्या टप्प्याचं उद्घाटन झालं. एकीकडे गाडी पुढे सरकली आणि त्याच दिवशी त्या गाडीपर्यंत पोचायचा खर्च दुप्पट झाला. हे ठरवणाऱ्यांनी दोन्ही गोष्टी एका टेबलवर ठेवून बघितल्या नसणार असं मला वाटतं, कारण मेट्रो एकाची, बस दुसऱ्याची, रेल्वे तिसऱ्याची. आणि विचारणार कोण? मार्च २०२२ पासून पालिकेत नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे, निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. जवळजवळ चार वर्षं आपल्या वॉर्डातल्या बसबद्दल तावातावाने भांडायला आपलं हक्काचं माणूस नव्हतं.

मला माहितीय काही जण म्हणतील बेस्ट तोट्यात आहे, पैसे कुठून आणायचे. अहो, बस तोट्यातच चालते, जगात बहुतेक ठिकाणी चालते, रस्ते काय फायद्यात चालतात का? कोस्टल रोडवर टोल नाही, तो गाडीवाल्याला फुकट आहे, आणि तो पालिकेच्याच पैशांनी बांधलाय. मग बसवाल्याला दहा रुपये जड करायचे हा कुठला हिशोब? मेट्रोच्या प्रत्येक गेटसमोर दर दहा मिनिटांनी एक छोटी बस, दोन-तीन किलोमीटरची फेरी, मेट्रोच्या तिकिटातच तिचे पैसे धरलेले, एवढं केलं ना तर ज्या दीड लाखाचं मी वर बोलले तो आकडा कुठल्या कुठे जाईल. काही स्टेशनांबाहेरून फीडर बस सुरू केल्यात, चांगली गोष्ट आहे, पण हे काम शेवटी बेस्टचंच आहे, शंभर वर्षं गल्लीबोळ माहीत असलेल्या माणसांचं. मुंबई वन ॲप आलंय त्यात अकरा सेवांचं तिकीट एकत्र काढता येतं, तेही छान, पण ॲपमध्ये बस दिसून उपयोग नाही, स्टॉपवर दिसली पाहिजे.

बाकी बारीकसारीक. स्टेशनं स्वच्छ आहेत, मनापासून कौतुक, लोक पण थुंकत नाहीत, म्हणजे जागा नीट ठेवली की माणसं नीट वागतात हे सिद्ध झालं. सुरक्षेला उभी असलेली मुलं-मुली फार नम्र बोलतात, आईला त्यांनी "आजी, इकडून लिफ्ट आहे, सावकाश या" म्हणून हाताला धरून नेलं. जमिनीखाली मोबाइल नेटवर्कवरून मेट्रो आणि मोबाइल कंपन्यांचा वाद सुरुवातीपासून गाजतोय, म्हणून तिकीट आधीच काढून ठेवा किंवा एनसीएमसी कार्ड, म्हणजे सगळीकडे चालणारं प्रवासाचं कार्ड, ठेवा, आणि घरच्यांना सांगून ठेवा की पाऊण तास फोन लागला नाही तर घाबरू नका. ज्येष्ठांना घेऊन जाणार असाल तर लिफ्ट कुठल्या गेटला आहे ते आधी बघून ठेवा, सगळ्या गेटांना नसते, आणि चुकीच्या गेटपाशी पोचलात तर रस्ता ओलांडून पलीकडे जायचं म्हणजे म्हाताऱ्या माणसाची दमछाक होते. ऑफिसची गर्दी टाळायची तर अकरा ते चार उत्तम, निवांत बसायला मिळतं.

आमच्या सोसायटीतून आम्ही बायकांनी मिळून एक पत्र लिहिलंय, नवीन नगरसेवकांना आणि बेस्टला, मरोळ नाका मेट्रो ते मरोशी आणि मरोळ नाका ते साकीनाका अशा दोन छोट्या फेऱ्या सकाळी सातपासून रात्री शेवटची मेट्रो येईपर्यंत द्या म्हणून, कारण शेवटची मेट्रो टोकाच्या स्टेशनातून साडेदहाला सुटते आणि तिच्यातून उतरणारी बाई नाक्यावर एकटी उभी असते. आजूबाजूच्या सोसायट्यांमध्ये पण सह्या गोळा करतोय, आतापर्यंत वॉचमन, इस्त्रीवाले, शाळेतल्या मावशी, आयटीवाली मुलं, सगळ्यांनी केल्यात. तुमच्या स्टेशनच्या बाहेर काय परिस्थिती आहे ते खाली लिहा, गेटपासून सगळ्यात जवळचा बसस्टॉप किती लांब आहे आणि तिथे बस किती वेळाने येते एवढं जरी सांगितलंत तरी पत्राला जोडता येईल.